शब्दांची पारख कोणाच्या कानांनीं?

अचलपूर ही एकेकाळची वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. राजेशाहींत प्रजेनें किती बोलावें, हें राजाच्या मर्जीवर ठरे. पुढें हें गांव १९३६ सालीं स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेंत आलें, आणि त्याच न्यायालयानें बोलण्याच्या मर्यादेस निराळें माप दिलें. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या, १९४७ च्या निवाडासंग्रहांत छापलेल्या खटल्यांत न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनीं सांगितलें कीं, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यवान माणसांवरून जोखावा. दुबळ्या, डळमळीत मनांवरून नव्हे.

सारें मर्म येथेंच आहे. भित्र्याचे कान प्रमाण मानले, तर कोणतीही टीका गुन्हा ठरेल.

कोल्हापुरांतील एका प्राध्यापकानें ऑगस्ट २०२२ मध्यें व्हॉट्सॲपवर ३७० वें कलम निष्प्रभ केल्याचा निषेध केला व पाकिस्तानास स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्यावरून समाजांत वैर पसरविल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द करण्याचें नाकारलें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०२४ रोजीं, बोस यांचेंच माप लावून, तो रद्द केला. एका कवितेवरून गुजरातेंत नोंदलेला गुन्हाही २८ मार्च २०२५ रोजीं तसाच रद्द झाला. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदण्यापूर्वीं प्राथमिक चौकशी करणें उचित, असेंही त्या निकालांत सांगितलें आहे.

ही सूचना महत्त्वाची होय. दिल्लीहून सुटका येईतों त्या प्राध्यापकाचें दीड वर्ष गेलें. अचलपुरापासून कोल्हापुरापर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्यांत हें माप आधींच लागलें, तरच नागरिकाच्या हक्कास खरा अर्थ येईल.