सिद्धगड आणि दुसरे महायुद्ध : मुरबाड-कर्जत परिसरातील एका घटनेचा फेरविचार

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे हे गाव आहे. तेथून पुढे वैशाखरे गावाजवळ नाणेघाटाची प्राचीन वाट सुरू होते. सातवाहनांच्या लेखांमुळे हा परिसर प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. परंतु विसाव्या शतकातील महायुद्धाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा येत नाही. याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. 'चले जाव' आंदोलनातील हौतात्म्य म्हणून या घटनेची नोंद झाली, व ती योग्यच होय. तथापि ती महायुद्धाच्या इतिहासातीलही एक घटना आहे, आणि तशी ती वाचल्यावाचून तिचा पूर्ण अर्थ लागत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम या प्रदेशाची आर्थिक रचना ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई शहराची वाढ ज्या साधनांवर झाली, त्यांतील दोन प्रमुख साधने सह्याद्रीच्या कुशीतून येत. एक पाणी व दुसरे वीज. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस मिळू लागले. विजेची कथा याहून विलक्षण आहे. मावळातील आंध्रा नदीचे पाणी निसर्गतः इंद्रायणी, भीमा, कृष्णा या मार्गाने पूर्व समुद्रास मिळावयाचे. ते धरणाने अडवून घाटाखाली सोडण्यात आले आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ मध्ये टाटांचे वीजगृह उभे राहिले. खोपोलीचे वीजगृह त्यापूर्वी, १९१५ मध्ये, व भिरा येथील त्यानंतर, १९२७ मध्ये, सुरू झाले. या वीजगृहांतून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जात. ज्या खेड्यांच्या शिवारांत हे मनोरे उभे होते, तेथील घरांत मात्र रॉकेलची चिमणीच जळत होती.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे घोषित केले. त्यानंतर या तारांचे महत्त्व पालटले. मुंबईच्या गिरण्या सैन्यासाठी कापड विणू लागल्या; बंदर आणि कारखाने युद्धकार्यास जुंपले गेले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकिनाडा येथे जपानी बाँब पडले. धान्याची टंचाई आणि महागाई यांच्या रूपाने युद्ध खेड्यापर्यंत पोहोचले. मुंबईत मे १९४३ मध्ये नियंत्रित धान्यवाटप सुरू झाले; त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली.

या पार्श्वभूमीवर विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांच्या कार्याकडे पाहावे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठीचा उपक्रमही त्यांनी हाती घेतला. अर्थात या प्रदेशातील देवघेवीची साखळी त्यांस जवळून ठाऊक होती. ऑगस्ट १९४२ नंतर भूमिगत होऊन त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. कचेरी जाळणे वा तारायंत्र तोडणे हे त्या काळी अनेक ठिकाणी घडले. या दस्त्याने मुख्यतः निवडले ते विजेचे मनोरे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या अवधीत ते एकामागून एक पाडण्यात आले. ही निवड आकस्मिक म्हणता येणार नाही. सरकारी सत्ता तालुक्याच्या कचेरीत दिसे. पण तिचे युद्धसामर्थ्य त्या तारांतून वाहत होते, आणि त्या तारा राखण्यास रानोमाळ पहारा ठेवणे सरकारला अवघड होते. दुर्बलाने बलवानाचा नेमका सांधा हेरावा, तसे हे झाले. सरकारनेही बक्षीस लावून त्यांचा पाठलाग आरंभिला, तो अखेर सिद्धगडी संपला. कोतवाल त्या वेळी तीस वर्षांचे होते.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. ते युद्ध फॅसिझमविरुद्धचे होते. मग युद्धोत्पादनात अडथळा आणणे कितपत समर्थनीय होते? सोव्हिएत संघावरील आक्रमणानंतर कम्युनिस्टांनी युद्धास पाठिंबा दिला. गांधीजींनाही घातपाताचा मार्ग मान्य नव्हता. १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. हे आक्षेप दृष्टिआड करून चालणार नाही. परंतु स्वातंत्र्यासाठी चाललेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या युद्धात ज्यांची संमतीच घेतली गेली नव्हती, त्यांच्या बाजूने हा प्रश्न वेगळा दिसतो, हेही तितकेच खरे.

तुलनेसाठी आणखी एक मृत्यू विचारात घ्यावा. कोतवालांच्याच तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील माणगाव भागाचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूचे मशिनगन-ठाणे एकट्याने घेताना ते पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाच जिल्ह्याचे दोन तरुण, अठरा महिन्यांच्या अंतराने, एकाच साम्राज्याच्या बंदुकीच्या दोन बाजूंस मरण पावले. एकाची नोंद लष्करी इतिहासात होते, दुसऱ्याची राष्ट्रीय चळवळीच्या. ही दोन दप्तरे वेगळी ठेवल्याने दोघांनाही आपण अर्धेच ओळखतो.

युद्ध संपल्यावर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तेथे उल्हासनगर हे नाव रूढ झाले. युद्धाने या जिल्ह्याचा भूगोलही असा पालटला. सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीस लोक जमतात. त्यांच्या स्मरणास अभ्यासाची जोड मिळावयाची असेल, तर वीजगृहांची दप्तरे, पोलीस-नोंदी आणि खेड्यांतील कुटुंबांच्या आठवणी एकत्र वाचल्या पाहिजेत. महायुद्धाचा इतिहास रणांगणाइतकाच त्या रणांगणास शक्ती पुरविणाऱ्या वाटांचाही असतो. आणि त्यांतील एक वाट मुरबाड-कर्जतच्या रानांतून जात होती.