कुर्ल्याचा पंप, हातकणंगलेचा ऊस

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर त्याहून खाली. पेट्रोल आपोआप उतरायचं. तीव्र चढावर, टाकीत पेट्रोल कमी असेल तर मात्र ते इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे! १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्याच जोरावर हलणारा डायफ्रामचा पंप आला आणि मागे, खाली बसवलेल्या टाकीतलं पेट्रोल बिनघोर वर यायला लागलं.

हातकणंगलेत आमच्या घरी आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्यात असाच पंप आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथं १९६४ पासून बनणारी फियाट ११०० डिलाइट पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. आयातीवर बंधनं होती, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावं लागे. अशा काळात पार्ट टाकून देणं परवडणारं नव्हतं. पंपाच्या कडेनं स्क्रू आहेत: तो उघडायचा, आतला डायफ्राम बदलायचा, पुन्हा बंद करायचा. आमच्या धंद्यात दोन वर्षं जुन्या गोष्टीलाही ‘सपोर्ट बंद’ म्हणतात, म्हणून मला हे जास्त जाणवलं असेल.

पंपाची युक्ती साधी आहे. कॅमशाफ्टवरचा कॅम लिव्हर हलवतो, लिव्हर डायफ्राम खाली ओढतो, पेट्रोल आत येतं. ते पुढे ढकलतं मात्र स्प्रिंग. कार्ब्युरेटर भरला की त्याची सुई बंद होते, डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो. ना सेन्सर, ना कोडची एक ओळ. दाब स्प्रिंग ठरवते, साधारण पाव बार.

२०२४ मध्ये गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला त्याची फी तेव्हा ५,००० रुपये होती. पन्नास वर्षं झाली नसल्यामुळे ती सरकारी व्याख्येत विंटेजही नाही. त्यातच ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास यायला लागला. डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगं झिजतात. बाहेर गळलं तर आगीची भीती. घरात ‘भंगारात काढूया’ सुरू झालं.

डायफ्राम बाहेर काढला तेव्हा तो फुगून मऊ पडला होता. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल पंपांवर यायला लागलंय आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. गंमत म्हणजे ते इथेनॉल आमच्याच उसाचं. उसाला दर मिळायचा तर इथेनॉल हवंच, हे आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतं, आणि ते खोटं नाही.

शिरोलीच्या मिस्त्रींनी इलेक्ट्रिक पंप सुचवला नाही. त्याचा दाब जास्त असेल तर कार्ब्युरेटरची सुई पेट्रोल अडवू शकत नाही. ते एवढंच म्हणाले, “आधी खूण कर बाळ, मगच खोल.” पंपाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर मिळून एक आडवी रेघ मारली. झडपा धुतल्या, इथेनॉल सोसणारा फ्लोरो-रबराचा डायफ्राम घातला. स्क्रू आधी सैलच लावायचे, लिव्हर पूर्ण दाबून धरायचा, मग समोरासमोरचे स्क्रू जोडीनं आवळायचे. लिव्हर न दाबता आवळलं तर डायफ्राम ताणून बसतो आणि लवकर फाटतो. इंजिनाला लागणारं गॅस्केटही पूर्वीच्याच जाडीचं हवं, नाहीतर लिव्हरची हालचाल कमीजास्त होते.

सक्शनच्या तोंडावर बोट ठेवून लिव्हर हलवला, तर बोट चिकटून बसलं. मिस्त्रींनीही स्वतःचं बोट लावून पाहिलं. मग जुनं ऑइल काढून नवं भरलं, आणि पंप इंजिनावर चढवला.