पिणें : एका क्रियापदाचा इतिहास

भाषेंतील कांहीं शब्द इतके नित्याचे असतात कीं, त्यांना इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. 'पिणें' हें क्रियापद त्यांपैकींच एक होय. मूल जन्मास येतें तें प्रथम पिण्यास शिकतें. आणि शेवटच्या घटकेस माणसाच्या मुखांत जें घालतात, तेंही पाण्याचे चार थेंबच असतात. या दोन टोकांमध्यें या लहानशा क्रियापदानें केवढा संसार मांडला आहे, तें पाहण्यासारखें आहे.

संस्कृतांत याचा मूळ धातु 'पा' असा आहे. परंतु वर्तमानकाळीं त्याचें रूप 'पाति' असें न होतां 'पिबति' असें होतें. पा, घ्रा, स्था इत्यादि धातूंच्या अशा बदलांसाठीं पाणिनीनें अष्टाध्यायींत एक स्वतंत्र सूत्रच घातलें आहे. 'पाति' हें रूप 'रक्षण करणें' या अर्थाच्या दुसऱ्या 'पा' धातूचें होय. म्हणूनच 'भूप' म्हणजे पृथ्वीचें रक्षण करणारा राजा, आणि 'मधुप' म्हणजे मध पिणारा भुंगा. दिसावयास दोन्ही शब्द सारखे, पण कुळें निराळीं! लॅटिन भाषेंतील 'बिबेरे' हें क्रियापद या 'पिबति'चेंच दूरचें भावंड आहे. संस्कृत 'पिबति'चें प्राकृतांत 'पिअइ' झालें, आणि त्यांतून मराठी 'पिणें', हिंदी 'पीना', गुजराती 'पीवुं' हीं रूपें निपजलीं.

या धातूची संतति मोठी आहे. पायांनीं, म्हणजे मुळांनीं पितो म्हणून वृक्ष 'पादप' झाला. आधीं सोंडेनें व मग तोंडानें, असा दोनदां पितो म्हणून हत्तीला 'द्विप' हें नांव मिळालें. पिण्याची इच्छा ती 'पिपासा'. आणि ज्यावांचून एक दिवस निभत नाहीं, तें 'पाणी'सुद्धां याच घरचें आहे. 'पानीय' म्हणजे पिण्यास योग्य, या विशेषणापासून तो शब्द आला. उदक, जल, नीर असे अनेक शब्द हाताशीं असतां लोकांनीं आपल्या रोजच्या व्यवहारासाठीं निवडला तो हा, पिण्याची खूण अंगावर वागविणारा शब्द.

ओठांपासून निघालेलें हें क्रियापद लौकरच ओठांपलीकडे गेलें. तापलेली जमीन पहिला पाऊस पिते, दिवा तेल पितो, कढईंतलीं भजीं तेल पितात. तेथें 'पिणें' म्हणजे शोषून घेणें. शेतकरी उंसाला पाणी 'पाजतो', आणि लढवय्या शत्रूलाही पाणीच 'पाजतो'. पण पहिलें पाजणें जगविण्याचें, दुसरें हरविण्याचें. चिंच पाण्यांत कोळून तिचा सगळा अर्क काढून घ्यावा, तसा एखादा पंडित शास्त्रें कोळून पितो. आणि निर्लज्ज मनुष्य लाज कोळून पितो. क्रिया एकच, परंतु एकानें जें प्यालें तें त्याच्या अंगीं मुरलें, आणि दुसऱ्यानें जें प्यालें तें कायमचें नाहींसें झालें! कवींनीं तर डोळ्यांनाही प्यावयास लाविलें. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत दिवसभर गाईमागें वनांत हिंडून परतणाऱ्या दिलीपाला राणी सुदक्षिणा उपाशी डोळ्यांनीं पिते, असें कालिदासानें वर्णिलें आहे.

धुराचीही गोष्ट अशीच. चरकसंहितेंत औषधी धूर घेण्याला 'धूमपान' म्हटलें आहे. तंबाखू मात्र फार मागाहून आली. असद बेग यानें ती विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली, ती १६०४ च्या सुमारास. नव्या व्यसनाला नवें क्रियापद कोठून आणावयाचें? सतराव्या शतकांत इंग्रज लोकही तंबाखू 'पीत' असत, म्हणजे त्यांच्या भाषेंत तसेंच म्हणत. मराठींत आज विडी बहुधा 'ओढतात'. तरी 'विडी पिणें' अजून बोलण्यांत आहे, आणि 'धूम्रपान' तर सरकारी पाट्यांवरही वाचावयास मिळतें.

परंतु या क्रियापदाचा खरा इतिहास त्याच्या मूळ अर्थांतच आहे. तहानेल्यास पाणी पाजण्याच्या जागेस संस्कृतांत 'प्रपा' म्हणत. 'पाणपोई'तील 'पोई' ती हीच. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील या दात्यानें तापी, दमण इत्यादि नद्यांवर फुकट नावा ठेविल्या आणि दोन्ही तीरांवर विश्रामस्थानें व प्रपा बांधिल्या, असें त्यांत कोरलें आहे. पाणी पाजणें हें पुण्य होय, ही समजूत या भूमींत इतकी जुनी आहे.

आणि त्याच भूमींत लक्षावधि माणसांना सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्याची बंदी होती! जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेंही आपलें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. परंतु ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. नगरपालिकेनें त्याच वर्षीं आपला ठराव मागें घेतला. न्यायालयांतील वाद दहा वर्षें चालला, आणि १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला.

ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या अपमानाचे घोट गिळले, त्यांनीं त्या दिवशीं ओंजळभर पाणी प्यालें. तें तहान भागविण्यासाठीं नव्हतें. आपणही इतरांसारखींच माणसें आहों, हें सिद्ध करण्यासाठीं होतें. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें सार्वजनिक विहिरी, तळीं व घाट यांच्या वापरांत जातीवरून भेद करण्यास मनाई केली. 'पानीय' म्हणजे पिण्यास योग्य. पण कोणी पिण्यास योग्य, हें व्याकरणानें कधींच सांगितलें नव्हतें. ती अट माणसांनीं घातली, आणि माणसांनाच ती मोडावी लागली.