लाल निशाणाची कुळकथा

1942 च्या ऑगस्टात काँग्रेसची कार्यकारिणी नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंद झाली. कम्युनिस्ट पक्षापुढे तेव्हा मोठा पेच होता. हिटलरने रशियावर चाल केल्यामुळे ब्रिटिशांचं युद्ध पक्षाच्या लेखी ‘लोकयुद्ध’ ठरलं होतं, म्हणून ‘चले जाव’ला साथ द्यायची नाही असं ठरलं. महाराष्ट्रातल्या काही कम्युनिस्टांना हे पटेना. लोक तुरुंगात जात असताना आपण बाजूला बसलो, तर उद्या कोणत्या तोंडाने त्यांच्यापुढे जायचं? एस. के. लिमये, यशवंत चव्हाण (मुख्यमंत्री झालेले यशवंतराव वेगळे) अशा मंडळींनी ‘नवजीवन संघटना’ काढली. लाल निशाण पक्षाची कुळी इथून सुरू होते: आधी देश, मग पक्षाचं धोरण.

स्वातंत्र्यानंतर ही मंडळी शेतकरी कामगार पक्षात शिरली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेला हा पक्ष. संगमनेर तालुक्यातल्या जवळे कडलगचे दत्ता देशमुख त्याच्या पहिल्या फळीतले. 1950 च्या दाभाडी प्रबंधाने शेकापने मार्क्सवाद स्वीकारला खरा, पण तो कसा वाचायचा यावरून जुंपली. देशमुख आणि नवजीवनवाले बाहेर पडले. कामगार किसान पक्ष, मग लाल निशाण गट आणि 1965 मध्ये रीतसर लाल निशाण पक्ष, अशी नावं पालटत गेली.

या डाव्यांना मतांचं खरं पीक आलं ते 1957 साली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी इतकी तापलेली होती की कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मांडवात एकत्र बसले. नगर लोकसभेतून रघुनाथ केशव खाडिलकर मजदूर किसान पक्षाचे म्हणून निवडून आले. कोपरगावातून फेडरेशनचे बी. सी. कांबळे. जिल्ह्यातल्या दोन्ही जागी काँग्रेस आडवी झाली.

पाचच वर्षांनी पारडं फिरलं. 1 मे 1960 ला राज्य मिळालं, समितीचं काम संपलं. 1962 च्या विधानसभेत काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. लोकसभेला नगरमधून काँग्रेसचे मोतीलाल फिरोदिया आले. खाडिलकर स्वतःच काँग्रेसमध्ये जाऊन खेडमधून निवडून आले. कोपरगावातून जिंकलेले अण्णासाहेब शिंदे तर एकेकाळचे कम्युनिस्ट कार्यकर्ते. पुढे ते केंद्रात शेती खात्याचे राज्यमंत्री झाले. प्रवरानगरला 1950 पासून सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं होतं. शेतकऱ्याला सभासद करून घेणारा, उचल देणारा, मुलाला नोकरी लावणारा कारखाना दारात उभा राहिल्यावर मोर्चाला माणूस कमी पडू लागला.

लाल निशाणवाल्यांनी मुक्काम हलवला नाही. खासगी साखर कंपन्यांच्या जमिनी कमाल धारणा कायद्याने सरकारकडे आल्या, 1963 मध्ये त्यांसाठी शेती महामंडळ झालं. श्रीरामपूर पट्ट्यातल्या मळ्यांवरच्या मजुरांत त्यांनी युनियन बांधली. दत्ता देशमुख पाण्याकडे वळले. 1979 च्या दांडेकर-देऊसकर-देशमुख समितीने आठमाही पाण्याची बाजू मांडली. कालव्याचं पाणी बारा महिने उसाला पाजण्याऐवजी खरीप-रब्बीचे आठ महिने द्यायचं, म्हणजे तेवढ्याच पाण्यात कितीतरी जास्त शिवार भिजतं, हा त्यातला हिशेब. हिशेब चोख, पण मतपेटीत तो उलटा बसतो. ज्याच्या पाटाचं पाणी तुटणार तो बागाईतदार लगेच ओळखू येतो आणि गावात त्याचाच शब्द चालतो. ज्याला मिळणार तो जिरायतवाला पाटाच्या शेवटच्या टोकाला, पाणी खरंच येईल का याच विवंचनेत. मजुरीचंही तेच. मालक आणि मजूर एकाच बूथवर रांगेत उभे असतात. भाषेच्या राज्याच्या मागणीने अख्खं गाव एका बाजूला आणलं होतं. पाण्याच्या आणि रोजाच्या मागणीने त्याच गावाचे दोन भाग केले.

1988 मध्ये पक्षही फुटला. 2024 च्या विधानसभेत नगर जिल्ह्यातल्या बारापैकी दहा जागा महायुतीला गेल्या, डाव्यांना एकही नाही. साऱ्या राज्यात मिळून डहाणूत माकप आणि सांगोल्यात शेकाप एवढेच उरले. 2025 च्या मे महिन्यात श्रीरामपूरलाच परिषद भरवून लाल निशाण पक्ष भाकप (माले) लिबरेशनमध्ये विलीन झाला.

सगळं गाव एकत्र येईल अशी मागणी नंतर आलीच नाही असं नाही. 1 जून 2017 ला याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, दूध आणि भाजीपाला शहरात जाईना, आणि त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. पण कर्जमाफी आणि हमीभाव आज जवळपास प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात असतात. 1960 ला राज्य मिळाल्यावर जे झालं तेच इथेही झालं: मागणी सगळ्यांची झाली की ती आधी मांडणाऱ्याला मत द्यायचं कारण उरत नाही. आठमाही पाण्याची मागणी मात्र तशी सगळ्यांची झाली नाही. ती लावून धरणारे डावे उसाच्या पट्ट्यात हरण्याचं एक कारणही तेच आहे.