फर्श आणि फरशी

लखनौत बदली होऊन आलेल्या मराठी घरात एक गंमत हमखास घडते. स्वयंपाकघरातली फरशी तडकते, घरातल्या बाई मिस्त्रीला 'फरशी बदला' म्हणून सांगतात आणि मिस्त्री बुचकळ्यात पडतो. त्याच्या लेखी 'फर्श' म्हणजे अख्खी जमीन. बदलायचा तो 'पत्थर' नाहीतर 'टाइल'. मग मुले आईलाच शिकवतात, "आई, तू हिंदी शब्द चुकीचा बोलतेस." रेल्वेच्या नोकरीत फलाटांच्या फरसबंदीशी माझा रोजचा संबंध. तेव्हा आईची बाजू मांडणे मला माझे कामच वाटते.

मूळ शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ पसरणे, अंथरणे. म्हणून फर्श म्हणजे आधी बिछायत, गालिचा. आणि पुढे तो जिच्यावर अंथरायचा ती जमीन. बिछायतीची व्यवस्था पाहणारा तो फर्राश, म्हणजे आपला फरास. पुण्यातला फरासखाना सर्वांना ठाऊक आहे. पेशवाईत तंबू, कनाती, गालिचे ठेवण्याची ती जागा. फारसी 'बंदी' जोडून वाड्याच्या चौकातली फरसबंदी झाली. फरशी कुऱ्हाड मात्र या घराण्यातली नव्हे. ती संस्कृत परशूची लेक.

लखनौने या शब्दाचा जुना अर्थ जपला आहे. मोहरमच्या मजलिशीसाठी अंथरतात तो 'फर्श-ए-अज़ा'. जमिनीपर्यंत वाकून करायचा तो फर्शी सलाम, जमिनीवर लोळणारा तो फर्शी पायजमा, जमिनीवर टेकवून ठेवायचा तो फर्शी हुक्का. यात दगड कुठेच नाही, कारण तो इथल्या जमिनीतही नाही. हा सारा नद्यांनी आणलेला गाळ; विहीर खणली तरी खडक लागत नाही. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात बांधायला घेतलेला बडा इमामबाडाही लखौरी विटा आणि चुन्याचाच आहे. गल्लीबोळांत विटा कडेवर उभ्या बसवून करतात तो खडंजा. काम साधे, पण हुशारीचे! सांध्यांतून पाणी मुरते, आणि नळ टाकायचा तर विटा उचलून पुन्हा बसवता येतात.

आपल्या दख्खनची गोष्ट उलटी. तिथे दगडाला तोटा नाही, पण काळ्या पाषाणाच्या पातळ लाद्या सहज निघत नाहीत. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादला मात्र चुनखडीचा दगड वहीच्या पानांसारखा थरांनी बसलेला आहे. थराच्या रेषेत पहार घातली की सपाट लादी सुटते. १८७१ साली मुंबईकडून गेलेला जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाला. शहाबाद त्याच मार्गावरचे स्टेशन, त्यामुळे हा जड माल दूरवर नेण्याची सोय झाली. सोलापूर-पुण्याकडच्या कितीतरी घरांत शहाबादी फरशी आली, आणि नुसते 'शहाबादी' म्हटले तरी लोकांना कळू लागले.

याचा पुरावा व्याकरणात सापडतो. मराठीत आपण 'एक फरशी, चार फरशा' असे मोजतो. इथल्या खोलीत फर्श एकच. तो मोजत बसायची गरज कोणाला? जिथे पायाखाली विटा आणि वर सतरंजी, तिथे शब्द अंथरुणाशी राहिला. जिथे जमिनीतून लाद्या निघाल्या, तिथे तो दगडाचे नाव झाला. आईची फरशी म्हणजे बिघडलेले हिंदी नव्हे. अरबस्तानातून निघालेला शब्द दख्खनच्या मातीत रुजला, त्याचे ते मराठी रूप आहे.

आता शहाबादी जाऊन गुळगुळीत टाइल आली आहे आणि खडंजाच्या जागी सिमेंटचे ठोकळे बसत आहेत. वस्तू गेली की शब्दही मागोमाग जातो. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना दोन्ही शब्द यावेत, आणि एकासाठी दुसऱ्याची लाज वाटू नये, एवढेच मागणे आहे. यंदा बाप्पांपुढे मंडपात सतरंजी अंथराल, तेव्हा मुलांना जरूर सांगा: बाळांनो, हाच तो पहिला फर्श!