कोलनवॉटरची कुळकथा

ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायच्या, ही पुण्यातल्या अनेक जुन्या घरांची रीत. बाटलीचं बूच निघालं की आजाऱ्याच्या खोलीत संत्र्या-लिंबाचा वास पसरे आणि घरच्यांनाही हुशारी वाटे.

या वासाचं मूळ घर जर्मनीतलं कोलोन शहर. तिथे १७०९ मध्ये फारिना या इटालियन कुटुंबाची पेढी सुरू झाली. त्यातल्या योहान मारिया फारिनाने बर्गामॉट, संत्रं, लिंबू यांची तेलं मद्यार्कात मिसळली. हा सुगंध पाऊस पडून गेल्यावरच्या इटलीतल्या वसंत सकाळीची आठवण देतो, असं त्याने भावाला कळवलं होतं. कस्तुरीसारख्या जड वासांना सरावलेल्या युरोपाला ही हलकी तरतरी नवी होती. ज्या शहराने आसरा दिला, त्याचंच नाव त्याने आपल्या पाण्याला दिलं.

लोक ते अंगाला लावत, तसं औषध म्हणून पीतही. १८१० मध्ये नेपोलियनने गुप्त औषधांची कृती जाहीर करण्याचा हुकूम काढला. कृती फोडण्यापेक्षा उत्पादकांनी औषधाचा दावाच सोडला आणि ते निव्वळ सुगंधी पाणी ठरलं. आपल्याकडे मात्र त्याला पुन्हा आजाऱ्याच्या उशाशी जागा मिळाली.

पट्टीने गार वाटे ते मद्यार्कामुळे. तो उडताना कातडीची उष्णता घेऊन जातो. (मुलांना अशा पट्ट्या ठेवू नयेत, असं डॉक्टर आता सांगतात.) संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असतं. त्याचा रेणू छोटा, दहा कार्बनचा. म्हणून तो झटकन नाकाशी पोचतो आणि तितक्याच झटकन विरतो. चंदनातल्या सॅन्टलॉलचा रेणू पंधरा कार्बनचा, त्यामुळे तो रेंगाळतो. आपली पारंपरिक अत्तरं चंदनाच्या तेलात उतरवतात, ती याच टिकाऊपणासाठी.

तरीही संत्रं आपल्या सुगंधात परकं नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा यांच्या जोडीला संत्र्याची वाळलेली साल असते.

फार टिकत नाही म्हणून संत्र्याच्या अत्तराला नावं ठेवणाऱ्यांनी वैशाखातल्या पुण्यात ते लावून पाहावं. उन्हात जड वास गुदमरवतो. हा मन ताजं करून वाट मोकळी करतो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा लावावा. त्याच्या लवकर उडण्यातच त्याचं ताजेपण आहे.