सुयांचा इतिहास आणि माझी मान

गेल्या महिन्यात मान अशी आखडली की बाजूला बघायचं तर खुर्चीसकट वळावं लागायचं. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "ॲक्युपंक्चर कर रे, अडीच हजार वर्षांची अखंड परंपरा आहे!" 'अखंड' म्हटलं की मला राहवत नाही. सुया टोचून घेण्याआधी इतिहास उकरला.

जुनी आहे हे खरं. 'हुआंगदी नेइजिंग' हा ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. 'ची' ही प्राणशक्ती आणि तिच्या वाहिन्या त्यात आहेतच. पण अखंड? छे! १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर चक्क हद्दपार केलं. १९२९ मध्ये तर चीनच्याच सरकारी आरोग्य मंडळाने सगळं देशी वैद्यक मोडीत काढायचा ठराव केला. वैद्य शांघायमध्ये एकवटले, नानजिंगला शिष्टमंडळ धाडलं, तेव्हा कुठे तो बारगळला.

१९४९ नंतर माओने तेच वैद्यक उचलून धरलं. माणसं पन्नास कोटींवर, आधुनिक डॉक्टर मूठभर; दुसरं करणार काय? विखुरलेल्या पद्धती निवडून, साचेबद्ध करून अभ्यासक्रम बनवला. आज जगभर शिकवतात ती मांडणी बरीचशी १९५० च्या दशकातली. (स्वतः माओ ही औषधं घेत नसे, असं त्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय!)

भारतात हे आणलं डॉ. बसूंनी. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या पथकातले ते. १९५० च्या दशकाअखेरीस पुन्हा तिथे जाऊन शिकले आणि कलकत्त्यात सुरू केलं.

माझी मान? चार सिटिंगनंतर वळते. पण त्याच आठवड्यात मॉनिटरही वर उचलला होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं कळत नाहीये.